विषाणूरोधक प्रथिन पेशीच्या आत जातं, म्हणजे नेमकं कुठे जातं?

आधी प्रश्न थोडक्यात देते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने सेमिनारसाठी एक शोधनिबंध वाचला. त्यात मॅक्रोफेज पेशींनी (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी) शेजारच्या पेशींकडून विषाणूरोधक प्रथिनं घेतली आणि एचआयव्हीची वाढ मंदावली, असं म्हटलं आहे. ती विचारते, एवढं मोठं प्रथिन पेशीच्या आत शिरतं कसं? शिरलं तर ते पचून का जात नाही? आणि असं बाहेरचं प्रथिन पेशी वापरत असतील, तर वडिलांसाठी घरी आणलेल्या लॅक्टोफेरिन या दुधातल्या प्रथिनाच्या कॅप्सूलचा त्यांना फायदा होतो का?

माझं बरंचसं काम मॅक्रोफेज आणि विषाणू यांच्यावरच झालेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मथितार्थ मात्र आधीच सांगते. विषाणूला अडवणाऱ्या बहुतेक प्रथिनांना पेशीच्या आत शिरायची गरजच नसते. ज्यांना असते, ती एकटी जात नाहीत. विषाणूच्या अंगाला चिकटून किंवा पटलाच्या पिशवीत बसून जातात. पेशीने नुसतं गिळलेलं प्रथिन बहुतेक वेळा पचतंच. म्हणून असा कुठलाही दावा वाचताना ते प्रथिन पेशीच्या कुठल्या भागात पोहोचलं, हे सर्वांत आधी तपासावं.

मॅक्रोफेज सतत काही ना काही गिळत असतो. पेशीपटलाच्या लाटा उठतात, आजूबाजूचा द्रव त्यांत सापडतो आणि पटलाच्या पिशवीत बंद होऊन आत जातो. ही मॅक्रोपिनोसायटोसिस. क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असलेल्या खळग्यांतून रिसेप्टर (ठरावीक रेणूला पकडणारं पेशीपटलावरचं प्रथिन) आणि त्याला चिकटलेले रेणू आत ओढले जातात, ती दुसरी वाट. जिवाणू किंवा मेलेली पेशी अख्खी गिळणं ही तिसरी. तिन्ही वाटांनी आत आलेला माल पटलाच्या पिशवीतच असतो (पहिल्या दोन वाटांवरच्या पिशवीला एंडोसोम म्हणतात), आणि त्या पिशवीच्या आतली जागा पेशीच्या दृष्टीने बाहेरच राहते. जुन्या घरात ओसरीवर येऊन बसलेला माणूस घरात आला असं आपण म्हणतो, पण माजघरात त्याला प्रवेश मिळालेला नसतो, तसंच हे. पेशीचं माजघर म्हणजे पेशीद्रव. विषाणूची जनुकं वाचली जातात, त्याची प्रथिनं बनतात, ती या पेशीद्रवात किंवा केंद्रकात. एपोबेक-३जी, सॅमएचडी-१, एमएक्स-२ ही एचआयव्हीला रोखणारी प्रथिनं काम करतात तीही पटलाच्या या आतल्या बाजूलाच.

एंडोसोम मात्र एका जागी थांबत नाही. तो आत सरकत जातो तसतसा आम्ल होतो. सुरुवातीला त्याचा पीएच सहाच्या थोडा वर असतो, पुढे साडेपाचपर्यंत उतरतो आणि लायसोसोममध्ये पाचच्याही खाली जातो. तिथे प्रथिनं कापणारी विकरं तयारच असतात. मॅक्रोफेजचं तर हे नेमून दिलेलं काम आहे. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की साधं गिळलेलं प्रथिन पचून जातं. आता पचण्याच्या आधी काय काय घडू शकतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

इंटरफेरॉनपासून सुरू करते. १९५७ साली लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने निकामी केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाच्या तुकड्यांवर टाकला. त्या तुकड्यांभोवतीचा द्रव काढून नव्या तुकड्यांवर घातला, तर त्यांत जिवंत विषाणू नीट वाढेना. द्रवात जे होतं त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. साहजिकच प्रश्न आला की हा पदार्थ पेशीत शिरून विषाणूला पकडतो का? १९७३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी इंटरफेरॉन सेफॅरोज या जेलच्या मण्यांना रासायनिक बंधाने पक्का बांधून टाकला. मणी पेशीपेक्षा मोठे, त्यामुळे ते आत जाण्याचा संभव नाही. तरीही पेशींना संरक्षण मिळालं. थोडा इंटरफेरॉन मण्यावरून सुटत असेल का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो होणं योग्यच होतं. पुढे रिसेप्टर सापडले आणि चित्र स्पष्ट झालं.

आज आपल्याला माहीत आहे, की अल्फा आणि बीटा इंटरफेरॉन पेशीच्या पृष्ठभागावरच्या आयएफएनएआर-१ आणि आयएफएनएआर-२ या जोडीला चिकटतात. आतल्या बाजूला जॅक-१ आणि टिक-२ ही विकरं जागी होतात, स्टॅट-१, स्टॅट-२ आणि आयआरएफ-९ एकत्र येऊन केंद्रकात जातात आणि शेकडो जनुकं चालू होतात. रिसेप्टर आणि इंटरफेरॉन क्लॅथ्रिनच्या खळग्यातून आत ओढले जातात, पण इंटरफेरॉनचा शेवट लायसोसोममध्येच होतो. निरोप देऊन झाल्यावर तो संपतो. विषाणूला अडवणारी प्रथिनं पेशी स्वतःच बनवते. त्यांत आयएफआयटीएम-३ आहे. ते एंडोसोमच्या पटलातच बसतं आणि इन्फ्लुएन्झा किंवा डेंगी यांच्यासारख्या विषाणूंना पटलातून पलीकडे पेशीद्रवात उतरू देत नाही. सॅमएचडी-१ डीएनए बांधायला लागणारे सुटे घटक तोडून टाकतं, त्यामुळे एचआयव्हीला स्वतःची डीएनए प्रत बनवता येत नाही. मॅक्रोफेज विभागत नसतो, त्याच्याकडे हे घटक मुळातच कमी असतात, म्हणून तिथे सॅमएचडी-१ विशेष परिणामकारक ठरतं. एचआयव्ही-२ कडे त्यावर उतारा म्हणून व्हीपीएक्स हे प्रथिन आहे, एचआयव्ही-१ कडे ते नाही.

या निरोपाचं मोल कोव्हिडच्या काळात कळलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात कोव्हिडचा जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्यांच्या पेशी इंटरफेरॉन बनवत होत्या, रिसेप्टरही होते, पण मधल्या वाटेतच तो अडवला जात होता. दहातल्या एका अत्यवस्थ रुग्णामागे हे कारण असावं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. कारण ही प्रतिपिंडं रक्तात आधीपासून असू शकतात, त्यांचं कुठलंही लक्षण नसतं आणि नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांचा पत्ताही लागत नाही.

केमोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना बोलावणारी छोटी प्रथिनं, थोडक्यात उरकते. एचआयव्हीला मॅक्रोफेजमध्ये शिरायला सीडी-४ बरोबर सीसीआर-५ हा रिसेप्टर लागतो. सीडी-८ पेशी (टी पेशींचा एक प्रकार) अशी काही द्रव्यं सोडतात ज्यांनी एचआयव्ही दबतो, हे १९८६ पासून माहीत होतं. १९९५ मध्ये त्यांपैकी तीन ओळखली गेली: रँटीस, एमआयपी-१ अल्फा आणि एमआयपी-१ बीटा. ही सीसीआर-५ला चिकटतात आणि त्याला घेऊन आत जातात. इथे प्रथिन आत घेतलं जाण्यातच संरक्षण आहे, कारण रिसेप्टर पृष्ठभागावरून नाहीसा झाला की विषाणूला पकडायला जागा उरत नाही. प्रथिनाचं पुढे काय झालं याला महत्त्व नाही.

प्रतिपिंडांची कथा याहून खोल आहे आणि ती मी नेहमी सावकाश शिकवते.

रक्तातलं आयजीजी हे मुख्य प्रतिपिंड पेशी सतत द्रवासोबत गिळत असतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी आणि मॅक्रोफेज यांत आघाडीवर. इतर प्रथिनांसारखं तेही पचून गेलं असतं, तर प्रतिपिंडं चार दिवसही टिकली नसती. पण एंडोसोममध्ये एफसीआरएन नावाचा रिसेप्टर बसलेला असतो. पीएच सहाच्या आसपास तो आयजीजीला घट्ट धरतो, पुन्हा पृष्ठभागाकडे नेतो आणि रक्ताचा ७.४ पीएच लागला की सोडून देतो. म्हणून आयजीजीचं अर्धआयुष्य सुमारे तीन आठवडे आहे. आईच्या रक्तातून वारेमधून बाळाला प्रतिपिंडं मिळतात तीही याच रिसेप्टरमुळे. या तपशिलाचा औषधात फार सुंदर उपयोग झाला. आरएसव्ही या विषाणूपासून तान्ह्या बाळांना वाचवणारं निर्सेविमॅब हे प्रतिपिंड २०२२ मध्ये युरोपात मंजूर झालं. त्याच्या शेपटाकडच्या भागात तीन अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे आम्ल पीएचला एफसीआरएन त्याला अधिक घट्ट धरतो. एका इंजेक्शनवर बाळाचा निदान पाच महिन्यांचा हंगाम सुरक्षित जातो. प्रतिपिंड पेशीद्रवात एकदाही उतरत नाही, फक्त पचनातून पुन्हा पुन्हा वाचवलं जातं.

आणि तरीही प्रतिपिंड पेशीद्रवात पोहोचण्याची एक वाट आहे. केंब्रिजच्या आण्विक जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत लिओ जेम्स यांच्या गटाने २०१० साली ती दाखवली. अ‍ॅडिनोव्हायरसला बाहेरचं मेदाचं आवरण नसतं. त्याच्या कवचाला प्रतिपिंड चिकटलं आणि तरीही तो पेशीत शिरला, तर एंडोसोम फोडून पेशीद्रवात उतरताना तो ते प्रतिपिंड अंगावर घेऊनच उतरतो. पेशीद्रवात प्रतिपिंड असणं हे अघटित आहे, आणि नेमकं तेच ओळखणारं ट्रिम-२१ हे प्रथिन तिथे असतं. ते प्रतिपिंडाला पकडतं, त्यावर युबिक्विटिनची खूण चढवतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र ते सगळं लटांबर, विषाणूच्या कवचासकट, तोडून टाकतं. विषाणूची जनुकं वाचली जाण्याआधीच काम आटोपतं. तोवर पाठ्यपुस्तकांत प्रतिपिंडाचं काम पेशीच्या बाहेर संपत असे. एचआयव्ही किंवा इन्फ्लुएन्झा अशा आवरणवाल्या विषाणूंच्या बाबतीत हे सहसा साधत नाही, कारण आवरण पेशीच्या पटलात मिसळून जातं आणि त्यावरची प्रतिपिंडं पटलाच्या पलीकडेच राहतात. म्हणजे विषाणूची बांधणी कशी आहे, यावर संरक्षक प्रथिनाचा मुक्काम ठरतो.

हीच वाट उलटीही फिरते. डेंगीची एक लागण झालेल्या माणसाच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या डेंगी विषाणूला चिकटणारी, पण त्याला पुरतं निकामी न करणारी प्रतिपिंडं असू शकतात. मोनोसाइट (मॅक्रोफेजची रक्तातली आधीची अवस्था) आणि मॅक्रोफेज आपल्या एफसी रिसेप्टरने प्रतिपिंडाचं शेपूट पकडतात आणि विषाणूलाच आत घेतात. विषाणू तिथेच वाढणारा, त्यामुळे त्याचं आयतंच फावतं. पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण पाहणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांना दुसऱ्या लागणीची धास्ती असते, तिचं एक मोठं कारण हे आहे. रोगप्रतिकारक पेशीने आत घेतलेलं प्रत्येक संरक्षक प्रथिन हितकारकच ठरेल असं गृहीत धरू नये.

आता तुमच्या शोधनिबंधाकडे येते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो एक्झोसोमविषयीचा दिसतो. पेशी ३० ते १५० नॅनोमीटरच्या पटलबंद पिशव्या बाहेर सोडत असतात, तेच एक्झोसोम. त्यांच्या आत त्या पेशीच्या पेशीद्रवातली प्रथिनं आणि आरएनए असतात. अशा पिशवीचं पटल दुसऱ्या पेशीच्या पटलाशी मिसळलं, तर आतला ऐवज थेट त्या पेशीच्या पेशीद्रवात उतरतो. वर सांगितलेली अडचण इथे तत्त्वतः सुटते.

पुरावेही आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एपोबेक-३जी असलेले एक्झोसोम घेणाऱ्या पेशी एचआयव्हीला दाद देईनाशा होतात असं दाखवलं. २०१३ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या गटाचं काम आलं. यकृतातल्या मॅक्रोफेज आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना इंटरफेरॉन अल्फा दिला, त्यांनी सोडलेले एक्झोसोम यकृताच्या मुख्य पेशींना दिले आणि त्यांच्यातला हिपॅटायटिस बी दबला. त्याच मालिकेतल्या २०१८ च्या कामात हे एक्झोसोम यकृतपेशीत शिरायला टिम-१ हा रिसेप्टर वापरतात असं दिसलं. हिपॅटायटिस ए विषाणूही त्यालाच धरतो. शिवाय एंडोसोम बराच आत गेल्यावर तिथल्या पटलाशी ते मिसळतात. विषाणूने शोधलेली वाट त्याच्याच विरोधातल्या प्रथिनांनी वापरावी, हे मला या क्षेत्रातलं सर्वांत मोहक निरीक्षण वाटतं. तुमच्या निबंधाला सर्वांत जवळचं काम फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठातलं, २०१६ चं. मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींचा टीएलआर-३ हा विषाणूचा आरएनए ओळखणारा संवेदक चेतवला, त्यांचा द्रव मॅक्रोफेजवर घातला आणि एचआयव्ही दबला. द्रवातून एक्झोसोम काढून टाकल्यावर परिणाम घटला. मेंदूतले मॅक्रोफेज एचआयव्हीचे जुने आश्रयस्थान आहेत, औषधं तिथे नीट पोहोचत नाहीत, म्हणून या कामाला वजन आहे.

इथे मी जरा हात आखडता घेते. एक्झोसोम दिल्यावर विषाणू दबला, एवढ्यावरून एक्झोसोममधल्या प्रथिनाने तो दाबला असं सिद्ध होत नाही. का, ते प्रयोगाच्या ओट्यावरून सांगते.

रक्तदात्याच्या रक्तातून मोनोसाइट वेगळे करून प्लास्टिकच्या प्लेटमध्ये आठवडाभर वाढवले की ते पसरट, तळाला घट्ट धरून बसलेले मॅक्रोफेज होतात. त्यांच्यावर तुम्ही चमकणाऱ्या रंगाचं लेबल लावलेलं प्रथिन घातलंत, तासाभराने धुतलंत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्यागार दिसल्या. विद्यार्थी इथेच खूश होतात. मी म्हणते, दुसरी प्लेट चार अंश तापमानाला ठेवा. थंडीत पेशी गिळत नाहीत, पण प्रथिन पृष्ठभागाला चिकटतंच. थंड प्लेटही तितकीच हिरवी दिसली, तर तुम्ही चिकटणंच मोजलंत. मग ट्रिप्सिनने किंवा आम्ल बफरने पृष्ठभाग धुवा आणि उरलेलं मोजा. फॉर्मॅलिनने पेशी पक्क्या करून पाहत असाल तर आणखी सावध राहा. धन भार असलेली प्रथिनं पृष्ठभागावर बसलेली असतात आणि पेशी पक्की करताना आत झिरपून केंद्रकापर्यंत पसरलेली दिसतात. पेशींत आपोआप शिरणाऱ्या पेप्टाइडांबद्दलचे कित्येक जुने दावे २००३ च्या सुमारास याच कारणाने पुन्हा तपासावे लागले. शक्य असेल तिथे जिवंत पेशीच पाहा.

हिरवे ठिपके दिसत असतील, तर प्रथिन एंडोसोममध्ये आहे. पेशीद्रवात पोहोचलेलं प्रथिन ठिपक्यांत दिसत नाही, सगळीकडे धूसर पसरतं आणि मंद असल्याने नजरेतून सुटतं. म्हणून हल्ली प्रकाश देणाऱ्या विकराचे दोन तुकडे करतात, एक पाहुण्या प्रथिनावर आणि दुसरा यजमान पेशीच्या पेशीद्रवात. दोन्ही भेटले तरच उजेड पडतो. अशा चाचण्यांत एक्झोसोमचा फार थोडा ऐवज पेशीद्रवात उतरताना दिसतो. पटलं मिसळायला भाग पाडणारं एखादं विषाणूचं प्रथिन पिशवीवर बसवलं की आकडा एकदम चढतो, म्हणजे चाचणीत खोट नाही, नैसर्गिक पिशवीची क्षमताच बेताची आहे.

मॅक्रोफेजच्या कामातला सर्वांत मोठा सापळा मात्र एंडोटॉक्सिनचा. प्रयोगासाठी लागणारी प्रथिनं बरेचदा ई. कोलाय जिवाणूत बनवतात. त्याच्या पटलातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, अत्यल्प प्रमाणातही सोबत आलं, तरी मॅक्रोफेजचा टीएलआर-४ ते ओळखतो, पेशी इंटरफेरॉन बीटा सोडते आणि एचआयव्ही दबतो. तुम्हाला वाटतं, आपलं प्रथिन काम करतंय! ओळखायची सोपी युक्ती म्हणजे थोडं प्रथिन उकळून घ्या. उकळल्यावर प्रथिन बिघडतं, एंडोटॉक्सिन सहसा तसंच राहतं. उकळलेला नमुनाही विषाणू दाबत असेल, तर संशय पक्का. मॅक्रोफेजवर जाणाऱ्या प्रत्येक नव्या बॅचची एंडोटॉक्सिन चाचणी व्हायलाच हवी, यात मी कुणालाही सूट देत नाही. महिनोन् महिन्यांची मेहनत यापायी वाया गेलेली मी पाहिली आहे.

एक्झोसोमच्या बाबतीत आणखी दोन शंका घ्याव्या लागतात. टीएलआर-३ चेतवायला पॉली आयसी हा कृत्रिम आरएनए वापरतात. पेशींनी सोडलेल्या द्रवात तो उरला आणि मॅक्रोफेजवर गेला, तर मॅक्रोफेज स्वतःच चेततो. तसंच त्या द्रवात मोकळा इंटरफेरॉनही असतो, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये एक लाख जी (गुरुत्वाच्या एक लाख पट) जोराने फिरवून खाली बसवलेल्या गाळात तो थोडासा अडकून येऊ शकतो. तेवढाही पुरतो. म्हणून मॅक्रोफेजवरचा इंटरफेरॉन रिसेप्टर प्रतिपिंडाने अडवून, किंवा रिसेप्टरचं जनुकच काढलेल्या पेशी वापरून तोच प्रयोग करावा लागतो. रिसेप्टर बंद असतानाही संरक्षण मिळालं, तर प्रथिन खरोखर पोचतं झालं असं म्हणायला जागा आहे. याच्या जोडीला एखाद्याने पाहुण्या प्रथिनावर खूण लावली असेल आणि यजमान पेशीतलं ते जनुक काढलेलं असेल, तर दुधात साखर. नाहीतर पेशीत दिसलेलं एमएक्स-२ बाहेरून आलं की तिने स्वतः बनवलं, हे सांगता येत नाही.

एचआयव्हीची तर आणखी एक पीडा आहे. त्याचा कण १०० ते १२० नॅनोमीटरचा, म्हणजे एक्झोसोमच्याच मापाचा. लागण झालेल्या पेशींच्या द्रवातून एक्झोसोम काढायला गेलात, तर सेंट्रिफ्यूजमध्ये दोन्ही एकत्र खाली बसतात. आयोडिक्सॅनॉल या दाट द्रवाच्या थरांतून वेगळं केल्याशिवाय पुढे जाऊ नये. कल्चरमध्ये वापरलेल्या गायीच्या सीरममध्येही एक्झोसोम असतात, तेही आधी काढावे लागतात.

इतक्या शंका घेऊनही मी या कल्पनेच्या बाजूनेच आहे. डेंड्रायटिक पेशी (जंतूंचे तुकडे इतर रोगप्रतिकारक पेशींना दाखवणाऱ्या पेशी) गिळलेली प्रथिनं एंडोसोममधून पेशीद्रवात सोडतात आणि सीडी-८ पेशींना त्यांचे तुकडे दाखवतात, हे कित्येक वर्षांपासून प्रस्थापित आहे. म्हणजे पटल ओलांडणं रोगप्रतिकारक पेशींना परकं नाही. संरक्षक प्रथिनं या मार्गाने पुरेशा प्रमाणात पोहोचून माणसाच्या शरीरात फरक पाडतात का, हे सिद्ध व्हायचं आहे. म्हणूनच जगात कुठे कुठे क्लिनिकमध्ये एक्झोसोमची इंजेक्शनं प्रतिकारशक्तीच्या नावाखाली विकली जातात, त्याची मला चीड येते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्येच अशा अमान्य उत्पादनांविरुद्ध सावधगिरीची सूचना काढली होती.

वडिलांच्या कॅप्सूलबद्दल. लॅक्टोफेरिन हे चांगलं प्रथिन आहे. आईच्या चिकात ते लिटरमागे काही ग्रॅम असतं. कल्चरमध्ये ते अनेक विषाणूंना रोखतं, पण मुख्यतः बाहेरूनच. पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपारन सल्फेटच्या साखळ्यांना ते चिकटतं आणि विषाणूला तिथे बसायला जागा ठेवत नाही. प्रौढ माणसाने गिळलेलं लॅक्टोफेरिन जठरात बऱ्याच प्रमाणात तुटतं, आणि फुप्फुसातल्या किंवा रक्तातल्या मॅक्रोफेजपर्यंत ते कामापुरतं अखंड पोहोचेल अशी आशा धरू नये. जिथे उपयोगाची सर्वाधिक शक्यता होती, ती अपुऱ्या दिवसांची बाळं. ब्रिटनमध्ये अशा २,२०३ बाळांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गायीच्या दुधातलं लॅक्टोफेरिन देऊन उशिरा होणारे जंतुसंसर्ग घटले नाहीत. वासराला चिकातून प्रतिपिंडं मिळतात हे खरं, पण त्याचं आतडं जन्मानंतर जेमतेम दिवसभरच ती अख्खी शोषून घेतं. माणसाच्या बाळाला ती बहुतांशी जन्माआधीच वारेतून मिळालेली असतात. खरवस आवडीने खा. त्यासाठी विषाणूचं निमित्त नको. कॅप्सूलचे पैसे वडिलांच्या फ्लूच्या लशीकडे वळवा, आणि त्यांना दुसरी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोला.

बाहेरून दिलेलं संरक्षक प्रथिन जीव वाचवतं याचं आपल्याकडचं रोजचं उदाहरण कुत्रा चावल्यानंतरचं आहे. त्वचा फाटून रक्त आलं असेल, तर लशीसोबत रेबीजविरोधी प्रतिपिंडं द्यावी लागतात आणि ती जखमेच्या आत व भोवती टोचावी लागतात. विषाणू मज्जातंतूच्या टोकात शिरण्याआधी तिथेच गाठला पाहिजे, कारण एकदा तो चेतापेशीत गेला की ही प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्याच दिवशी द्यायची, राहून गेली तर लशीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत. त्याच्याही आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकी संस्थेबरोबर विकसित केलेलं रेबीजचं एकस्रोती (मोनोक्लोनल) प्रतिपिंड २०१७ पासून भारतात उपलब्ध आहे, त्यामुळे घोड्याच्या सीरमवरचं अवलंबन कमी करता येतं. नुसती दंडात लस टोचून रुग्णाला घरी पाठवल्याचं अजूनही कानावर येतं. असं होत असेल तर घरच्यांनी अडून बसावं आणि जखमेतल्या इंजेक्शनबद्दल विचारावं.

सेमिनारसाठी एवढंच करा. निबंधातल्या आकृत्या समोर ठेवा आणि मॅक्रोफेजचा इंटरफेरॉन रिसेप्टर अडवून केलेला प्रयोग कुठल्या आकृतीत आहे ते शोधा. पूरक माहितीतही पाहा, बरेचदा तो तिथे दडलेला असतो. सापडला, तर त्या आलेखावर दहा मिनिटं बोला: रिसेप्टर अडवल्यावर संरक्षण किती उरलं, किती रक्तदात्यांच्या पेशींवर पाहिलं, दात्यादात्यांत किती फरक पडला. नाही सापडला, तर तो प्रयोग तुम्ही कसा केला असता ते फळ्यावर मांडा.